चुका मोजायला गेले होते

गेल्या रविवारी सकाळी मी रिक्षा करून विश्रांतवाडीला गेले... आणि खरं सांगायचं तर मनात खोट ठेवून गेले. पर्समध्ये लाल पेन आणि कोरा कागद होता. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या क्लासमध्ये बसून तिच्या चुका मोजायच्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... नारायण पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजी व्याकरणाचे क्लास घेते. आधी दहावीची मुलं यायची. मग आयटी आलं आणि अकोला, बुलढाणा, यवतमाळकडचे इंजिनियर यायला लागले. कोडिंगमध्ये हुशार, पण परदेशातल्या क्लायंटशी फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

त्यांच्यासाठी मी मोडल व्हर्ब्जचा तक्ता केला. कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट... विनंती कुठे, परवानगी कुठे, सक्ती कुठे, सगळं चौकटींमध्ये. तो तोंडपाठ करून घ्यायचा आणि चुकीचा शब्द आला की वाक्य तिथेच तोडायचं, ही माझी पद्धत. "थांबा. कॅन नाही, कुड. पहिल्यापासून."

वैशाली याच क्लासमध्ये शिकली. अकोल्याची. पुढे आयटीत नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी ती सोडून विश्रांतवाडीत स्वतःचा क्लास काढला. तिचं इंग्रजी बरं आहे... बरंच म्हणेन, चांगलं नाही म्हणणार.

तर ज्या कंपनीची बॅच इतकी वर्षं माझ्याकडे यायची, ती या जूनपासून वैशालीकडे गेली. मला तसा ईमेल आला. अत्यंत नम्र, एकही मोडल न चुकलेला... माझ्याच कुठल्यातरी विद्यार्थ्याने लिहिला असणार.

राग नाही आला. हेवा वाटला. स्वच्छ, साधा हेवा. भाजी निवडताना वाटायचा, पेपर तपासताना वाटायचा. आमचे हे म्हणाले, "अगं, तुझीच विद्यार्थिनी ना? अभिमान वाटायला हवा." त्या दिवशी मी त्यांना दुसऱ्यांदा आमटी विचारलीच नाही.

आणि नेमका तिचाच फोन आला. "मॅडम, एकदा येऊन बघा ना, माझं काय चुकते ते सांगा." आयतं आमंत्रण. मी लगेच हो म्हणाले.

तिच्या हॉलमध्ये आठ-नऊ जण होते, पण खुर्च्या एकमेकांकडे पाठ करून मांडलेल्या. कॉलवर क्लायंटचा चेहरा दिसत नाही, म्हणून ही व्यवस्था. एकाने क्लायंट व्हायचं, एकाने इंजिनियर... आणि बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही. वैशालीनेसुद्धा नाही.

सूचना देताना तिच्या दोन चुका झाल्या. मी कागदावर दोन लाल रेघा मारल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

मग रोहिणीची पाळी आली. ही मागच्या वर्षी माझ्या क्लासला होती, पाठांतरात पहिली. तिने क्लायंटकडे दोन दिवसांची मुदत मागायची होती. मी सावरून बसले... आता कळेल म्हटलं, पाया कोणी घातलाय ते.

रोहिणी "हॅलो" म्हणाली आणि गप्प झाली. तिचं बोट मांडीवर सरकत होतं... आडवं, मग एक ओळ खाली, पुन्हा आडवं. ती माझ्या तक्त्यातली चौकट शोधत होती.

पाठमोऱ्या क्लायंटने दोनदा "आर यू देअर?" विचारलं. मग तो म्हणाला, "लाइन गेली वाटतं." कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं मला.

वैशाली तिच्याजवळ जाऊन बसली. "माझंही पहिल्या कॉलला असंच झालं होतं. चुकलं तं चुकलं, पण समोरच्याला ऐकू तर येऊ दे." बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं.

रोहिणी पुन्हा बोलली. मोडल चुकला. मुदत मिळाली.

नंतर चहा देताना वैशालीने विचारलं, "सांगा ना मॅडम, काय चुकलं?" कागदावर तोवर सात रेघा झाल्या होत्या. मी म्हणाले, "चहात साखर जास्त झालीये." एवढंच जमलं.

परवा मंगळवारी माझ्या क्लासमध्ये विषय होता, मॅनेजरला विनंती कशी करायची. वाशीमचा एक इंजिनियर उठला आणि पहिल्याच वाक्यात चुकला. 'थांबा' अगदी ओठांवर आलं होतं... गिळलं.

तो अडखळत दोन मिनिटं बोलला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, गावी दुसरं कोणी नाही, दोन आठवडे झाले, रजा मागायला धीर होत नाही. तो उदाहरण सांगत नव्हता हे मला अर्ध्यात कळलं. क्लास सुटल्यावर बसून त्याचा अर्ज लिहिला, काल त्याची रजा मंजूर झाली.

वैशाली, तू हे वाचशीलच. हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू... पण त्या रविवारसाठी मनापासून आभार. तो मुलगा तीन महिने माझ्यासमोर बसतोय, आणि त्याचं एकही वाक्य मी तोवर शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.