आईला दाखवलेले आफ्रिकेतले सिनेमे

माझ्या धाकट्या भावाने युगांडातून फोन करून सांगितलं, की त्याला तिथली एक मुलगी आवडली आहे आणि लग्न तिच्याशीच करायचं आहे. मी तेव्हा धाराशिवच्या बसस्थानकावर उभी होते. बस लागत होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते, आणि हा म्हणत होता, "ताई, आईला तू सांग." लहानपणापासून त्याची हीच रीत. काच फोडायची त्याने आणि सांगायला जायचं मी.

भाऊ साखर कारखान्यात काम करतो. रस आटवून त्यातून साखरेचा दाणा धरायचं काम तो आमच्याकडच्या कारखान्यात शिकला आणि इथल्या काही पोरांसारखाच करारावर तिकडे गेला. मुलगी तिथल्याच प्रयोगशाळेत रस तपासते. शिकलेली, कमावती, हसरी. फोटो पाहूनच मला पसंत पडली. प्रश्न होता आईचा. वडील गेल्यापासून ती आमच्या गावी, तेरला एकटी राहते. भाऊ निघाला तेव्हा तिने मला गंभीरपणे विचारलं होतं, की तिकडे कारखान्याला कुंपण तरी असतं का, कारण वाघ. तिकडे वाघ नसतात, सिंह असतात, असं मी सांगितलं. त्याने काही तिचं समाधान झालं नाही.

मी शिक्षिका आहे. अवघड गोष्ट थेट सांगायची नाही, आधी चित्र दाखवायचं, ही आम्हा मास्तरांची सवय. म्हणून ठरवलं, आईला आधी तिकडच्या पोरापोरींचे सिनेमे दाखवू, नजर सरावली की मग विषय काढू. ती "नको" म्हणाली असती तर भावाने लग्न केलंही असतं, पण तो पुन्हा घरी मोकळेपणाने आला नसता. एवढा मी त्याला ओळखते. भावाला म्हटलं, "तोवर तोंड बंद ठेव."

वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. फोनवर शोधायला बसलं की बंदुका घेतलेली पोरं, पोट खपाटीला गेलेली पोरं आणि त्यांना वाचवायला आलेला एखादा गोरा. माझं डोकंच फिरलं. हा राग माझ्या ओळखीचा होता. आमच्या लोकांवरचे सिनेमेही बहुतेक असेच. आमचा माणूस पडद्यावर आला की थोड्या वेळात त्याला कुणीतरी मारणार, नाहीतर त्याचं घर जळणार. आम्ही जणू कधी डोहाळजेवणात हसत नाही, पोरांच्या मार्कांवरून भांडत नाही, नव्या चपला घेऊन मिरवत नाही. मला तिकडची चपला घेणारी माणसं हवी होती. चिकाटीने शोधत गेले तशी ती सापडली, आणि बहुतेक तिथल्याच तरुण मुलामुलींनी काढलेल्या सिनेमांत सापडली.

पहिल्या रविवारी पेनड्राइव्ह घेऊन तेरला गेले. आई टीव्हीसमोर शेंगा फोडत बसली. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून मी मराठीत सांगायची. सिनेमात दहावीतली एक मुलगी होती. तिची आई रस्त्यावर मासे तळून विकायची आणि पोरीला त्याची लाज वाटायची. आईने पाच मिनिटांत निकाल दिला. "माय चांगली हाय, पन पोरगी लई आगाव." पुढे त्या बाईने चुलीवर पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा हाटला, तशी आई शेंगा ठेवून पुढे सरकली. "आगं, ह्यो तर आपला घाटा!" पोरीने ताट बाजूला सारलं तेव्हा तर आईला ती आपलीच नात असल्यासारखा राग आला.

मला भारी वाटलं. गाडी रुळावर आहे म्हणून भावाला कळवूनही टाकलं.

दुसऱ्या सिनेमातला मुलगा लंडनमध्ये वाढलेला. आईबाप आफ्रिकेतून तिकडे जाऊन राहिलेले. वर्गात बाईंना त्याचं नाव उच्चारता येत नाही, म्हणून त्या ते अर्ध्यात तोडतात. जेवायच्या सुट्टीत तो डब्याचं झाकण अर्धवटच उघडतो आणि भिंतीकडे तोंड करून खातो. इथे मी वाचत होते, पण आई ऐकत नव्हती. नुसती बघत होती. मग म्हणाली, "म्याबी असंच खायची. साळंत." एवढंच. मी पुढची अक्षरं वाचायला लागले.

तिसरा सिनेमा खास युगांडातला होता. तिकडे लग्न ठरवताना मुलाकडची माणसं मुलीच्या घरी जातात. मुलीकडचे मुद्दाम ओळख दाखवत नाहीत. कोण तुम्ही, वाट चुकलात का, असं म्हणून फिरकी घेतात. दोन्ही बाजूंनी एकेक बोलणारा असतो आणि ज्याची जीभ चालते त्याची बाजू सरस ठरते. सिनेमातल्या तरुणाकडे धड बोलणारं कुणी नसतं, म्हणून तो वाटेत भेटलेल्या एका बडबड्या रिक्षावाल्याला चुलता करून नेतो. आई पोट धरून हसली. सिनेमा संपल्यावर मात्र तिने पदराने तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मंग आपल्या पोराकडून कोन बोलनार?"

"कुठल्या पोराकडून?" मी साळसूदपणे विचारलं.

"बास कर. तीन रविवार झालं तू मला तिकडची पोरंसोरं दाखवायलालीस. पोरगं तिकडं, आन् घाम तुला सुटायलालाय. मला येडी समजलीस व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं. मुलीचा फोटो दाखवला. रंगाचं काही बोललीच तर काय म्हणायचं याचं एक भाषण मी पाठ करून ठेवलं होतं, ते घशाशी आणून तयार बसले. आईने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "दात किती सरळ हायत," म्हणाली. मग फोन खाली ठेवून हळूच विचारलं, "पन ते लोक आपल्याला पोरगी देतील का गं?"

माझं भाषण जागच्या जागी राहिलं. ही भीती माझ्या डोक्यातही आली नव्हती. आम्ही नापसंत करू की काय, एवढीच काळजी मी करत होते. आईने जन्मभर उलटंच पाहिलेलं. आणि आईच कशाला? धाराशिवला मी खोली शोधत होते तेव्हा घरमालकीण चहा घेऊन आली, आडनाव विचारलं आणि मग तिला एकाएकी आठवलं की खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. चहा मी पिऊन आले, सोडला नाही. पण राग अजून जात नाही.

"तिकडं जात नसते, आई," मी म्हटलं.

"मानसं हायत न्हवं तिकडं?" आई म्हणाली. "मंग काय तरी आसंलच."

पुढच्या एका रविवारी दुपारी मुलीच्या घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं ठरलं. तिकडे मुलीचे आईवडील, आत्या आणि बोलणारे म्हणून काका. भाऊ त्यांच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसलेला. इकडे मी बोलणार होते. पण फोन उभा करते न करते तोच आईने मला बाजूला सारलं. "सर. म्या बोलते. सिनेमा बघितलाय म्या."

काका त्यांच्या भाषेत बोलायचे, मुलगी ते इंग्रजीत सांगायची आणि भाऊ मराठीत. काकांनी पहिलाच चेंडू टाकला. तुमचा मुलगा आमच्या दारात कसा, वाट चुकला का?

"वाट न्हाय चुकला," आई म्हणाली. "तुमच्या घरात गुनाची पोरगी हाय असं ऐकून आलाय. खोटं आसंल तर घिऊन जाते वापस."

तिकडे हशा पिकला. आत्याने तर टाळीच वाजवली. मी मनात म्हटलं, जिंकलो. तेवढ्यात काका सावरून बसले आणि आवाज खाली आणून त्यांनी काही विचारलं. मुलीने सांगितलं. भाऊ ते मराठीत आणताना अडखळला.

"आई, ते विचारतायत... आपलं कूळ कोणतं?"

आईचा चेहरा मी बाजूने पाहत होते. त्यावरचं हसू गेलं नाही, तिथंच थिजलं. मी फोनकडे हात नेला, काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून न्यावी म्हणून. आईने माझं मनगट धरलं.

"सांग त्यास्नी," ती भावाला म्हणाली. "आमी बौद्ध हाव. त्याच्या आधी गावानं आमाला गावाबाहीर ठिवलं हुतं. आमच्या सावलीचाबी इटाळ व्हायचा. लपवून पोरगी करायची न्हाय मला. पसंत आसंल तर व्हय म्हना, नसंल तर आत्ताच सांगा."

भावाने सांगितलं. मुलीने मान खाली घालून ते पुढे पोचवलं. तिकडची माणसं आपसात बोलू लागली. काका आत्याकडे वळले, आत्या वडिलांकडे. आईने माझं मनगट सोडलं नव्हतं. हाताला कळ लागली, तरी मी हलले नाही.

मग काकांनी काहीतरी विचारलं आणि मुलगी खळखळून हसली.

"आई," भाऊ म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आवरेना, "ते म्हणतायत, गावाबाहेर ठेवणारे लोक मूर्ख होते. त्यांनी कूळ विचारलं ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्यात कुळांना प्राण्यांची नावं असतात. एका कुळातल्या पोरापोरींना बहीणभाऊ मानतात, त्यांचं लग्न होत नाही. ह्यांचं कूळ पाणमांजराचं. आपलं पाणमांजराचं नाही ना, एवढंच त्यांना पाहिजे."

"कशाचं?"

"पाणमांजर. पाण्यात राहून मासे खातं ते."

आईने क्षणभर खरंच विचार केला. "न्हाय बाबा," ती म्हणाली. "पानमांजराचं आमचं कायबी न्हाय."

उत्तर तिकडे पोचलं आणि सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. आत्याने तोंडावर हात आपटत किलकारी मारली. भाऊ दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसला होता आणि मुलगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझा जीव भांड्यात पडला.

फोन बंद झाल्यावर आईने माझं मनगट सोडलं. म्हणाली, "सगळं सांगितलं की गं म्या. कायबी मागं ठिवलं न्हाय."

"सांगितलंस."

"आन् त्यास्नी काळजी कशाची, तर पानमांजराची!"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.