ताईच्या पायातला बाक

महाराष्ट्र राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. गुडघ्याचा फक्त झिजलेला अर्धा भाग बदलायचं शास्त्र तेव्हा नवं होतं आणि मुंबईत ते करणाऱ्या मोजक्या सर्जनांत मी होतो. माझी थोरली बहीण धामणगाव बढ्याला मिरची-वांग्याचा मळा बघायची. फेंगड्या पायांमुळे तिच्या दोन्ही गुडघ्यांची आतली बाजू झिजली होती. बाहेरची मात्र ठणठणीत. मळ्यातलं चालणं सुटलं तर आपण संपलो, असं ती मला स्पष्टच म्हणाली.

तिचा डावा गुडघा मी केला. आतल्या बाजूला मांडीच्या हाडावर धातू, नडगीच्या हाडावर प्लास्टिकची चकती. ही चकती तिरकी बसली तर चपलेच्या टाचेसारखी एकीकडूनच झिजते. ती मी नीट बसवली, पण पायाचा मूळचा बाक मुद्दाम थोडा राहू दिला. पाय अगदी सरळ करायला गेलं की भार बाहेरच्या निरोगी बाजूवर सरकतो आणि तीही घासली जाते. यावर तेव्हा वाद चालायचे. मला शंका नव्हती.

तिला गावी सोडायला गेलो, तर पाय बघायला अख्खी आळी लोटली. "भाऊ मुंबईचा डाक्तर, अन् पाय वाकडाच ठेवला?" एवढं ऐकून ताई बिथरली. चालताना दुखत नाही, याची कुणाला पडली होती? माझं डोकं फिरलं. लोकांना सरळ दिसावेत म्हणून मी गुडघे करत नाही, असं सगळ्यांना सुनावून मी मलकापूरला मुंबईची गाडी पकडली.

उजव्या गुडघ्याचा झिजलेला अर्धा भाग ताईनं मला न कळवता दुसऱ्या शहरात बदलून घेतला, पाय एकदम सरळ हवा असं बजावून. तसा तो मिळाला. दिवाळीला गेलो तेव्हा लुगडं जरा वर करून तिनं मला दाखवलं. "याले म्हनतात पाय." मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

काही वर्षांनी ती भिंत धरत माझ्या दवाखान्यात आली. डावा पाय निर्धास्त टेकत होती; उजव्यावर भार आला की ओठ चावत होती. एक्स-रेत दिसलं ते मला अपेक्षितच होतं. बसवलेला भाग शाबूत, पण बाहेरच्या बाजूची हाडांमधली तिची स्वतःची गादी पार झिजलेली. हाडाला हाड लागत होतं.

"मंग याले बी त्याच्यासारखा थोडा वाकडा करून दे," ती म्हणाली.

आपलं खरं ठरल्याचा आनंद त्या क्षणी मला नकोसा झाला.

"ताई, अर्धा गुडघा बदलाले उरलेला अर्धा चांगला लागते. तो आता नाही राह्यला. पुराच सांधा बदला लागन."

"मले मळ्यात चालता येईन ना?"

"येईन. मी करून देतो."

तिनं उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"कर मंग," ती म्हणाली. "पन त्या डाव्याले हात नको लावू."