मेपलचं सिरप आटता आटेना!

आमच्या अमेरिकेतल्या, शॉमबर्गच्या घरामागच्या मेपलच्या झाडाने आमचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं. तरी मार्च उजाडताच मी त्याला ड्रिलने भोक पाडलं, नळी खोचली आणि खाली बादली टांगली. कारण लेकीच्या शाळेत सोमवारी ‘मेपल डे’ होता आणि ‘आम्ही आमच्या झाडाचं सिरप आणू’ असा ईमेल मी तिच्या बाईंना करून बसले होते. (तीन उद्गारचिन्हांसकट!)

झाड अस्सल इथलं. रात्री बर्फ, दिवसा ऊन असं सुरू होताच ते ठिबकायला लागलं. चांगला दोन बादल्या रस जमला. दिसायला पाणी, चवीलाही जवळजवळ पाणीच! चाळीस वाट्या आटवल्या की एक वाटी सिरप होतं म्हणे. मी महाराष्ट्र मंडळाचं मसालेभाताचं पातेलं मागून आणलं आणि रविवारी सकाळी सातला गॅसवर चढवलं.

दहा वाजता पातेलं काठोकाठ. बारा वाजता काठोकाठ! वाफेने भिंतीवरचा कागद सुटला, स्मोक अलार्म तीनदा बोंबलला. नवरा टॉवेलने वारा घालत म्हणाला, “दुकानात बाटली मिळते, यार!”

“नितीन, तू बोलू नकोस!”

“मॉम, आय टोल्ड एव्हरीबडी!” लेक रडकुंडीला आली.

दोन वाजता माझा संयम संपला. “हे झाडच बोगस आहे!”

सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या. “झाडाला कशाला बोल लावतेस? मी आहे की लक्ष ठेवून.”

“म्हणजे?”

“अगं, सारखं आटत होतं. मी आपली दर वेळी तांब्याभर पाणी घालत होते. गार नाही हं, उकळतं!”

“आई! ते आटवायचंच होतं!”

“आणि पोरीच्या अख्ख्या वर्गाला पुरायचं कसं?”

मी कपाळावर हात मारला. “आई, तुम्ही प्लीज हॉलमध्ये जाऊन बसा!” त्या कोथिंबीर उचलून गेल्या. माझा सूर चांगला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मात्र पातेलं शहाण्यासारखं वागायला लागलं. संध्याकाळी तळाशी मधाच्या रंगाचा पाक दिसू लागला, घरभर गोड वास सुटला. “इट्स रिअल!” म्हणत लेक नाचली. एवढं झाल्यावर मला राहवतंय थोडंच? फोन घेऊन मी मागच्या पायरीवर गेले आणि टेक्सासच्या बहिणीला सगळं रंगवून सांगितलं. “उकळतं पाणी गं! दिवसभर!” ती हसून हसून बेजार झाली, म्हणून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत असताना अलार्म वाजला. या वेळी खऱ्या धुराने!

पातेल्याच्या बुडाशी डांबर झालं होतं. लेक चमच्याने ते खरवडून बघू लागली. दिवसभर पातेल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारं घरात एकच माणूस होतं आणि त्यालाच मी हॉलमध्ये बसवलं होतं.

सासूबाई दारातून डोकावल्या. धूर बघितला, माझं तोंड बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “आता घालू का गं पाणी?”

मी गुपचूप तांब्या त्यांच्या हातात दिला.