आहेर मॅडमचा कॉम्प्युटरमधला पेशंट

आहेर मॅडम नव्या डॉक्टरला पहिला आठवडा खऱ्या पेशंटच्या व्हेंटिलेटरला हात लावू देत नसत. आयसीयूशेजारच्या छोट्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता आणि त्यात त्यांनी स्वतः तयार केलेला पेशंट. औषध दिलं, मशीनचे आकडे बदलले, की त्याचा रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन खऱ्यासारखे हलायचे. "इथं चुकून घ्या. हा परत उठतो," म्हणायच्या.

मॅडम मूळच्या देवळ्याच्या. नाशिकमध्ये उभा जन्म गेला तरी खोदून विचारायचं झालं की अहिराणीत शिरायच्या.

माझ्या वाट्याला दम्याचा पेशंट आला. कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला म्हणून मी श्वासांची गती वाढवली. रक्तदाब घसरला. मी गती आणखी वाढवली. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

"काय व्हयनं?" मॅडमनी विचारलं.

"हृदय बंद पडलं."

"ते मला दिसतंय. का पडलं?"

उत्तर त्यांनी सांगितलं नाही. तोच पेशंट अकरा वेळा मारल्यावर मला उमगलं. दमेकऱ्याला हवा बाहेर सोडायला वेळ लागतो. मी घाईने आत भरत होते आणि फुगलेल्या छातीत हृदयाकडे रक्तच परतत नव्हतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "श्वास घेणं सगळ्यांना दिसतं. सोडणं बघायला शिक."

दोन महिन्यांनी अंबडच्या कारखान्यातला एक वेल्डर दम्याने बेजार होऊन आला. व्हेंटिलेटरवर घेतल्यावर थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब कोसळला. सिस्टर इंजेक्शन भरू लागल्या. मी त्याची नळी मशीनपासून सोडवली आणि छातीवर हात ठेवून थांबले. हवा सावकाश बाहेर येत राहिली. रक्तदाब चढू लागला. मग गती कमी करून मी नळी पुन्हा जोडली.

तो स्थिरावल्यावर मॅडमना सांगायला मी जवळजवळ धावतच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं केलंस. त्याच्या बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"तिनं काचेतून पळापळ पाहिली असेल." त्यांनी चष्मा काढला. "हे माझ्या प्रोग्रॅममध्ये नाही, सुजाता. घालायला हवं होतं, कसं ते सुचलं नाही. जा."

ती जिन्याजवळ बसली होती. मला बघून उठली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"आहेत ते," मी म्हणाले. "चला, दाखवते."

तिला वाटलं होतं, नवरा मघाशीच गेला आणि सांगायला कोणी येत नाहीये. अर्धा तास ती तेच धरून बसली होती.