नेपल्सचा रिकामा पाळणा

जपानमधल्या आमच्या त्सुकुबाच्या लॅबमधलं कॉफी मशीन बिघडलं की किस्से निघतात. मशीन जुनं आहे, त्यामुळे किस्से भरपूर! त्यातले निम्मे इटलीतल्या नेपल्सचे. डिसेंबरात तिथं कॉन्फरन्स होती. मी, माझे प्रोफेसर (त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात) आणि माझी आई, असे तिघं गेलो. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच होती आणि फारशी बोलत नव्हती.

*

आधी बाबांचा किस्सा. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे गणपतीला आले होते. सेन्सेईही आले. आमच्या घरी ‘गणपती बाप्पा’ आई म्हणणार आणि ‘मोरया’ बाबा, हे ठरलेलं. बाबांनी सेन्सेईंना शेजारी उभं करून शिकवलं. सेन्सेई आपले पुटपुटले.

“लाउडर, सेन्सेई!” बाबा म्हणाले.

पाचव्या वेळी खालच्या मजल्यावरच्या आजी काळजीनं वर आल्या!

यंदा मखर खोक्यातच राहिलं. “आता नको रे गणपती,” आई म्हणाली.

*

नेपल्समध्ये झेब्रा क्रॉसिंगवर सेन्सेई प्रत्येक स्कूटरला वाकून ‘आधी तुम्ही’ करायचे. दहा मिनिटं झाली. मग आईनं, म्हणजे चाळीस वर्षं लक्ष्मी रोड ओलांडलेल्या बाईनं, त्यांचं मनगट धरलं, दुसरा हात वर केला आणि निघाली.

पलीकडे सेन्सेई तिच्यापुढे कमरेत वाकले. “त्यांना म्हणावं, यात काय एवढं!” आई म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं ते सर्वांत लांब वाक्य.

*

सेन्सेईंनी संत्री खाल्ली. सालं कुठल्या डब्यात टाकायची ते कळेना, म्हणून दिवसभर बॅगेत वागवली. किल्ल्यात, चर्चमध्ये, सगळीकडे! आईनं ती काढून घेतली आणि खोलीतल्या हीटरवर वाळत घातली. “उटण्यात होतील.”

*

आमच्या लॉजमध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा होता. मेंढपाळ, गाई, पाववाला, सगळे हजर, पण पाळणा रिकामा. मालकीणबाईंनी सांगितलं, बाळ चोवीसच्या रात्रीच येतं.

“म्हणजे मखर तयार, मूर्ती यायचीय,” आई म्हणाली. रोज तिथं जाऊन बसायची.

आमचं विमान चोवीसलाच संध्याकाळी होतं. निघताना मालकीणबाईंनी कपाटातून बाळ काढलं आणि आईच्या ओंजळीत दिलं. आईनं पदर सावरला, बाळ अलगद पाळण्यात ठेवलं आणि सवयीनं म्हणाली, “गणपती बाप्पा...”

आणि थांबली.

तेवढ्यात मागून सेन्सेई हळूच म्हणाले, “मोरया.”

आई वळली. डोळे पुसले.

“लाउडर, सेन्सेई!”