उताणं होण्याची पुरणपोळी

माझा भाचा पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा आमच्याकडे पुरणपोळ्या झाल्या. आमच्यात तशी रीत नाही. शेजारच्या तेलुगू मावशी "बोर्ला पडला ना? मग बोबट्लू कुठं?" म्हणत थेट चुलीपाशी येऊन बसल्या. पोर पालथं पडलं की त्यांच्यात पुरणपोळ्या करतात. आईने हसत डाळ शिजत घातली.

मला मात्र त्यानंतर धास्ती लागली. जागेपणी तो पालथा पडून मान वर करायचा, ते छानच होतं. पण आता तो झोपेतही वळू लागला होता आणि परत उताणं होणं त्याला जमत नव्हतं. कापूस वेचणीचे दिवस होते. मला कॉलेजला सुट्टी, त्यामुळे सगळे शेतात गेले की बाळाजवळ मीच. वहिनी मधेमधे येऊन त्याला पाजून जायची.

त्याने वळू नये म्हणून आईने दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या गुंडाळ्या लावल्या होत्या. डोकं गोल व्हावं म्हणून खाली राईचे दाणे भरलेली उशी. तरी एका दुपारी तो वळलाच आणि त्याचं नाक गोधडीत गेलं. मी समोरच होते. चटकन उचलून त्याला उताणं केलं. त्याने एक उसासा टाकला आणि तसाच झोपला. मला मात्र नंतर पुस्तकातली एक ओळही कळली नाही.

संध्याकाळी सांगितलं तर आई म्हणाली, "पोरगं वळून राह्यलं, अन् तू काऊन घाबरून राह्यली? तुले बी असंच निजवलं."

वहिनी हसली नाही. "ताई, तुमी कॉलेजात शिकता. तुमीच सांगा, कसं निजवाचं?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून औषधाच्या बाटलीपासून बसच्या वेळेपर्यंत सगळं मलाच विचारतात. पण बाळाला कसं निजवायचं, हे मला माहीत नव्हतं. "विचारून सांगते," एवढंच म्हणाले.

लसीच्या दिवशी उपकेंद्रात वहिनीसोबत गेले. गर्दीत विचारावं की नाही, असं बराच वेळ चाललं होतं. शेवटी नर्सबाईंना अडखळत विचारलं. त्यांनी हातातलं काम थांबवून नीट सांगितलं. उशी काढा, गोधड्या काढा, आजूबाजूला मऊ काही नको. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. निजवताना कायम उताणा. सध्या पालथा झाला तर अलगद फिरवा. दोन्हीकडे आपणहून वळता येऊ लागलं, की मग झोपेत वळला तरी राहू द्या.

घरी आल्यावर आईने विचारलं, "अन् डोस्कं चपटं झालं तं?"

"होऊ द्या, आई. टोपी घालू," वहिनी म्हणाली.

आईला हसू आलं. तिनेच उशी काढून पेटीत टाकली. जमिनीवर चटई, तिच्यावर ताणून घातलेली चादर. एवढ्या मोकळ्या जागेत तो फारच लहान दिसायचा.

मग मी रोज बसायचे. तो वळायचा, मी फिरवायचे; रात्री वहिनी जागून फिरवायची. एका दुपारी तो असाच पालथा झाला. मी हात पुढे केला, तोच त्याने एक पाय उचलून पलीकडे टाकला आणि धपकन उताणा झाला. तोंड उघडं, झोप गाढ. मला वाटलं, चुकून झालं असेल. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच केलं. पुढचे काही दिवस तेच पाहिलं, मग वहिनीला सांगितलं.

"खरंच? शपथ घ्या, ताई!"

ती स्वतः पाहायला बसली. तो पालथा झाला, परत उताणा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराला चिकटलेला कापूसही न झटकता भिंतीशी टेकली. माझं बोलणं संपायच्या आत तिला झोप लागली. पुस्तक उघडून मी त्या दिवशी पूर्ण धडा वाचला.

संध्याकाळी आईने मावशींना हाक मारून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पालथं पडायचं आहे आमच्यात. उताणं व्हायचं काही नाही."

"तुमच्यात नसंन. आमच्यात हाये," आई म्हणाली आणि पुरणाची डाळ निवडायला बसली.