गवतवाले साडभाऊ

उभ्या वऱ्हाडात गवतावर जीव लावणारा शेतकरी एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ. आमच्या काळ्या जमिनीत माणूस गवताशी वैर घेऊनच जन्माला येतो. कपाशीतलं निंदा, तुरीतलं उपटा, बांधा-धुऱ्यावरचं जाळा, एवढं करून उरलं तर फवारा मारा. 'वावरात गवत झालं' हे आमच्याकडे घरात दुखणं शिरल्याच्या सुरात सांगतात. अशा मुलखात, वलगावच्या पलीकडच्या एका गावात राहणारा हा गृहस्थ चांगल्या वावराचा एक तुकडा कपाशीतून सोडवतो, त्यात मुद्दाम गवत लावतो, ते बघायला माणसांना बोलावतो आणि माणसं आली नाहीत तर मोटरसायकलवर घालून आणतो. मी अमरावतीत राहतो. माझी शेती म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या. पण त्या कुंड्यांतली हरळी उपटायची मला बंदी आहे. साडभाऊ येतात तेव्हा आधी कुंड्या बघतात, मग माझी तब्येत विचारतात.

माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, या माणसाशी कसा संसार करते हे एक कोडंच आहे, कारण हा माणूस बसत नाही. बसलेले साडभाऊ मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिले आहेत, आणि त्यातही ते उठायच्या बेतात दिसतात. चहा ते अंगणात फेऱ्या मारत पितात. आक्काने कपबशी कधीच बंद केली, त्यांना स्टीलचा पेला दिला, म्हणजे तो तुळशीपाशी, गोठ्यात, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीवर कुठेही सापडला तरी शाबूत असतो. जेवताना ते पाटावर बसतात असं म्हणायचं, पण एक पाय दुमडलेला आणि एक पाय पळायच्या तयारीत. त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसणं तर जोखमीचंच. बोलता बोलता गाडी थांबते, आपण अजून वाक्य पुरं करत असतो आणि साडभाऊ रस्त्याच्या कडेला खाली वाकून गवताचं एक ताट उपटून दाताखाली धरत असतात. "पाहा ना भाऊ, मारवेल हाय. कशी गोड लागते!" मी पाहतो. मला ते गवत दिसतं.

एकदा अकोल्याला एका लग्नाला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांना असंच गवताचं एक बेट दिसलं. मुळासकट काढलं, ओल्या मातीसकट एका पिशवीत घातलं. लग्नमंडपात गर्दी, घाई, अक्षतांची वेळ झालेली. माझ्या बायकोने आहेराची समजून तीच पिशवी नवरीच्या आईच्या हातात दिली. जेवणं झाल्यावर हा घोळ लक्षात आला. आम्ही सगळे शरमेने चूर, आक्का तर पदर तोंडावर घेऊन बसली. साडभाऊंची चिंता निराळी होती. पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम अकोल्याला जाऊन त्या बाईंना विचारून आले, "लावलं का मंग ते?" आणि नवल म्हणजे त्या बाईंनी ते लावलं होतं.

गवताचं, चराईचं, चाऱ्याचं प्रशिक्षण अमरावतीत असो की अकोल्यात, साडभाऊ त्याला हजर असतातच. निमंत्रण असो वा नसो. अशा एका शिबिरात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. बोलणारा अधिकारी तरुण होता, मनापासून सांगत होता. कुरणाचे भाग पाडा, एका भागात गुरं सोडा, बाकीच्या भागांना विश्रांती द्या, गवताला बी धरू द्या, मग दुसरा भाग उघडा. साडभाऊ हॉलच्या मागच्या भिंतीपाशी येरझारा घालत ऐकत होते आणि दर दोन वाक्यांना हात वर करत होते. शेवटी तो अधिकारी हसून म्हणाला, "काका, तुम्हीच या समोर. तुमचा अनुभव सांगा." साडभाऊंनी माइक घेतला, "गवताले आराम पाह्यजे," असं म्हणाले आणि सवयीप्रमाणे चालू लागले. माइकला वायर होती. बोलत बोलत ते मधल्या वाटेने पार दारापर्यंत पोचले, वायर ताणली गेली आणि टेबलावरचा स्पीकर धाडदिशी खाली आला. साडभाऊंना त्याचा पत्ताच नव्हता. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन कुंपणाकडे बोट दाखवत भाषण करत राहिले. तो अधिकारी भला माणूस. त्याने सगळ्या शेतकऱ्यांना उठवलं आणि उरलेलं शिबिर कुंपणापाशीच झालं.

चिखलदऱ्याला आम्ही दोन्ही कुटुंबं एकदाच गेलो. पुन्हा न्यायचं नाही, असं आक्काने तिथेच जाहीर केलं. पॉइंटवर सगळे दरीकडे तोंड करून उभे होते, धुकं फाटत होतं, लोक फोटो काढत होते. आणि साडभाऊ दरीकडे पाठ करून, जमिनीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवून, काहीतरी हुडकत होते. एका पर्यटकाला वाटलं काकांची अंगठी पडली असावी. तोही वाकला. त्याला पाहून त्याची बायको वाकली. बघता बघता पाच-सहा माणसं दरी सोडून गवत चाचपू लागली. शेवटी एकाने विचारलं, "काका, काय हरवलं?" साडभाऊ मान वर न करता म्हणाले, "हरवलं नाइ, सापडलं. पवन्या गवत हाय हा. आमच्या इकडून गेला, तं अठी येऊन बसला!"

आमच्याकडून गेला, हे त्यांचं खरं दुखणं होतं. त्यांच्या गावाला लागून गायरान आहे, सरकारी भाषेत ई-क्लास. साडभाऊंच्या लहानपणी तिथे गवत कमरेएवढं असायचं म्हणतात. मी पाहिलं ते तळहातासारखं, मुरूम वर आलेलं, मधे मधे गुरं तोंड लावत नाहीत तो तरोटा आणि उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. गुरं सकाळी जात, संध्याकाळी येत, आणि दिवसभर त्यांनी काय खाल्लं हे त्यांनाच ठाऊक. तेव्हा शिबिरातलं ऐकून ऐकून साडभाऊंच्या डोक्यात एकच बसलं: मधून नाला जातो तिथे या जमिनीचे दोन भाग करायचे, गावालगतचा भाग पावसाळाभर बंद ठेवायचा, दिवाळीनंतर उघडायचा. गाव तयार व्हावं म्हणून त्यांनी स्वतःच शिबिरं भरवायला सुरुवात केली. त्यांना ते 'चराईची शाळा' म्हणत.

पहिल्या शाळेला गाव लोटलं, कारण आक्काने रोडगे आणि वांग्याची भाजी करायचं कबूल केलं होतं. मीही होतो. साडभाऊ पुढे, आम्ही मागे. पण हा माणूस चालतो म्हणजे पळतो. गायरानाच्या दुसऱ्या टोकाला पोचून ते वळले आणि "तं मंडळी" म्हणून सुरू झाले तेव्हा मंडळी अर्ध्या वाटेवरच्या बाभळीखाली बसलेली होती आणि समोर कुणाचा तरी एक बैल होता. त्यांनी बैलालाच सगळं समजावून सांगितलं. नंतर मी म्हटलं, "अहो, ऐकायला कोणी नव्हतं." तर म्हणाले, "ज्याले खायचं हाय त्यानं तं आयकलं ना!"

तरीही चार-पाच शाळांनंतर गाव वळलं. कंटाळून वळलं असेल, रोडग्यांपायी वळलं असेल, पण ग्रामसभेत गावालगतचा भाग बंद ठेवायचं ठरलं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायच्या आदल्या दिवशी साडभाऊंनी शेवटची शाळा भरवली. ते रंगात आले होते. गवताला आराम म्हणजे काय हे तिसऱ्यांदा सांगत होते, आणि मागून एक आवाज आला.

"अन् मी काय करू, भाऊ?"

गावच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी बाई होती. तिचं सगळं पोट बकऱ्यांवर. ती आजवर कुठल्याच शाळेला आली नव्हती, कारण त्या वेळी ती बकऱ्या चारत असे. आज बकऱ्यांसकटच आली होती.

साडभाऊ म्हणाले, "मावशी, नाल्यापलीकडचा भाग मोकळा हाय ना. तिकडं चारा."

"पावसाळ्यात नाल्याले पूर असते. ढोरं जातीन पोहून. मी जाऊ का बकऱ्या डोक्यावर घेऊन? माये गुडघे पाह्यले का तुमी?" आवाज चढलेला नव्हता. "गवताले आराम देऊन राह्यले, चांगलं करून राह्यले. पण गावात मले कोणी इचारलं काहून नाइ?"

साडभाऊ उभे होते. हात नाही, पाय नाही, काही हललं नाही. मी त्या माणसाला इतका वेळ एका जागी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. मग ते म्हणाले, "चुकलंच, मावशी. तुमच्या बकऱ्यायचं पोट दिवाळीलोक माह्यावर."

लोकांना वाटलं बोलायचं म्हणून बोलले. पण त्या पावसाळ्यात रोज सकाळी साडभाऊंची मोटरसायकल मागे गवताचा आणि सुबाभळीच्या पाल्याचा भारा बांधून म्हातारीच्या दारात जात होती. स्वतःच्या वावरात जपलेलं ते गवत. पाहुण्यांनी त्यावर पाय दिला तरी ज्यांच्या कपाळावर आठी यायची, ते विळ्याने ते कापत होते. चिखलात गाडी घसरली, हात मुरगळला, तर आक्का भारा डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत शेजारीण हसली तेव्हा आक्का म्हणाली, "हसा बाई. लोकायच्या नवऱ्यायले पत्ते खेळायचा नाद असते, दारूचा असते. माह्या नवऱ्याले गवताचा हाय. मीच नशीबवान!" ती रागावली होती की कौतुक करत होती, हे मला सांगता येणार नाही. तिलाही येणार नाही.

साडभाऊंचा पावसाळा मात्र वाईट गेला. बंद भागात गवत उगवलं की नाही हे बघायला ते दिवसातून कितीदा तरी कुंपणापाशी जात. पाऊस लांबला की मला फोन. पाऊस जास्त झाला की मला फोन. "भाऊ, पिवळं पडून राह्यलं." "भाऊ, आज हिरवं दिसते." मी काय करणार होतो? मी आपलं हो म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर मलाच बसवत नसे.

दिवाळी झाली आणि कुंपण काढायचा दिवस आला. मी पहाटेच गेलो. गवत कमरेएवढं नव्हतं, पण गुडघ्याच्या वर होतं. वारा आला की सगळं एका अंगाला झुकत होतं. साडभाऊंनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. त्यांनी स्वतः काटे ओढून वाट मोकळी केली. पहिला मान म्हातारीच्या बकऱ्यांचा. म्हातारी आली, बकऱ्या आल्या, वाटेपाशी थांबल्या. आत जाईनात. त्यांनी गवताकडे पाहिलं, मग साडभाऊंच्या मोटरसायकलीकडे पाहिलं आणि सगळ्या त्या गाडीभोवती जमून मागचं सीट हुंगू लागल्या. म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "बिघडोल्या भाऊ तुमी माह्या बकऱ्या!" शेवटी साडभाऊंनी गाडी सुरू केली आणि हळूहळू गायरानात घातली, तेव्हा त्या मागोमाग गेल्या.

मग आम्ही गुरांची वाट पाहत उभे राहिलो. साडभाऊंच्या मनात जुना कळप होता, गावातून निघाला की धुळीने वाट दिसेनाशी करणारा. ऊन वर आलं. काही गाई आल्या, दोन-तीन म्हशी आल्या, एक बैलजोडी आली. मग कोणी आलं नाही. गावात ट्रॅक्टर झाले होते, बैल विकले गेले होते, पिशवीतलं दूध येऊ लागलं होतं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरच घडलेलं. पण मान खाली घालून गवत शोधणाऱ्या माणसाला ते दिसलं नसावं. गावाच्या वाटेकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, गवत तं आलं. आता ढोरं कुठून आनू?"

आम्ही परत आलो. जेवताना आक्काने न मागता दुसरा रोडगा त्यांच्या ताटात ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बाजारात नेलं. बरंच फिरून त्यांनी एक कालवड घेतली. पांढरी, किडकिडीत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. टेम्पोतून आम्ही तिला आणली ती घरी न नेता थेट गायरानात. तिच्या पायांपासून पोटापर्यंत गवतच गवत होतं. एवढं तिने कधी पाहिलं नसावं. ती नुसती उभी राहिली, कान हलवत, कुठून सुरुवात करावी हे न कळल्यासारखी. साडभाऊ तिच्याजवळ गेले, मूठभर गवत तोडलं, हाताने झटकलं आणि तिच्या तोंडापाशी धरलं.

"खा वं माय," ते म्हणाले. "खा. तुह्याचसाठी हाय."